स्वतंत्र दक्षता कक्षाचं बांधकाम

सिंदी (रेल्वे),
ता. ११ मे १९९८

तीर्थरूप बंडूजी भाऊजी आणि सुमित्राबाई, दोघांच्याही पायांवर हेमराजचं डोकं. (इथूनच ठेवतो. मे महिन्यात एसटीनं रोहण्याला येऊन ठेवायचं म्हटलं, तर पोहोचेपर्यंत ते शिल्लक राहील याची खात्री नाही.)

तुमच्या डोळ्याचं सेवाग्रामचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं बाईच्या कार्डावरून कळलं. पट्टी सुटून चष्मा आला असेल तर हे पत्र स्वतः वाचा. आला नसेल तर येईपर्यंत उशीखाली ठेवा, पण शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेऊ नका. मास्तर मोठ्यानं वाचतात आणि अवघड जागी तर आणखीनच मोठ्यानं वाचतात. फोन केला असता, पण इथला एसटीडी बूथ माझ्या दुकानाला लागून आहे, आणि त्या काचेच्या पेटीत बोललेलं अक्षर न् अक्षर मला गादीवर बसून ऐकू येतं. त्यामुळे मी स्वतः तिथं हवापाण्यापलीकडे काही बोलत नाही. माझ्या कानांचं तुम्हाला माहीतच आहे. बारा वर्षांचा असताना याच सिंदीच्या टेसनावर चहाची केटली घेऊन फिरायचो, तेव्हा स्टेशनमास्तरच्या चपलांच्या आवाजावरून सांगायचो, पॅसेंजर किती लेट आहे ते. केटली गेली, हार्डवेअरचं दुकान आलं, मग दुकानामागं बिल्डिंग उभी राहिली, पण कान तेच आहेत. देवानं भांडवल म्हणून एवढंच दिलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचारलंत, आमच्या किसनरावच्या नोकरीचं काय झालं? चौदा महिने निलंबित आहे, परत घेतात की कायमचं घरी बसवतात? भाऊजी, तुमचा धाकटा भाऊ स्वतःविषयी सांगताना निम्मं गिळतो, म्हणून पहिल्यापासून सांगतो. शेवट आधी वाचू नका.

सरकी-ढेप विकास मंडळाचं कार्यालय माझ्याच बिल्डिंगीत भाड्यानं आहे, आणि किसनराव तिथला गोदामपाल. ढेपेचं पोतं आलं की हा माणूस एक तुकडा मोडणार, हुंगणार, जिभेवर ठेवणार. (जनावरं नंतर खायची, हा आधी खायचा.) मागच्या वर्षी एका गिरणीचा माल आला, त्यात लाकडाचा भुसा निघाला. दुसऱ्यानं हळूच कोणाच्या तरी कानात सांगितलं असतं. यानं गोदामाच्या रजिस्टरात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'ढेपेत भुसा आहे. जनावरांनी खाऊ नये. माणसांनी विकू नये.' पहिल्या दोन वाक्यांवर कदाचित निभावलं असतं. तिसरं वाक्य व्यवस्थापक रूपरावसाहेबांना लागलं, कारण त्या गिरणीचा माल त्यांनीच पसंत केला होता. आठ दिवसांत कागद निघाला की भुसा किसनरावनंच गोदामात मिसळला, सबब निलंबित. निलंबनाच्या नियमात असं बसतं की माणसाला काम द्यायचं नाही, पण गावही सोडू द्यायचं नाही. म्हणून बहिणीचा हा दीर माझ्या घरी राहिला. रोज सकाळी आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, आणि साडेदहाच्या ठोक्याला कार्यालयासमोर माझ्या दुकानाच्या ओट्यावर हजर. दीडला जेवण, साडेपाचला सुट्टी. पाच पंचवीसला ऊठ म्हटलं तर उठायचा नाही. माझी बायको अंजू एकदा म्हणाली, "किसनभाऊजी घरचेच हायेत, पण भाजीत मीठ कमी पडलं तं थे पण रजिस्टरात लिहून ठेवतीन, असा धाक वाटते मले."

यानं नागपूरच्या मुख्यालयाला अर्जांवर अर्ज केले. बाकीच्या गावांतूनही असलेच अर्ज गेले असावेत, कारण पोळ्यानंतर वरून एक परिपत्रक आलं. त्यातली ओळ मला पाठ आहे, आणि का ते पुढं कळेल. 'प्रत्येक विभागीय कार्यालयात तातडीने स्वतंत्र दक्षता कक्ष निर्माण करण्यात यावा व निलंबनाची सर्व प्रकरणे सदर कक्षापुढे ठेवण्यात यावीत.' किसनराव तो दिवसभर ओट्यावर बसल्या बसल्या हसत होता. कार्यालयातल्या कार्यालयात, पण साहेबाच्या हाताखाली नाही, असा कोणीतरी त्याचं ऐकून घेणार होता.

रूपरावसाहेबांनी तेच वाक्य आपल्या चष्म्यातून वाचलं आणि मला बोलावलं. म्हणाले, "हेमराजजी, नागपूरवाल्यांले इथं एक खोली पाह्यजे. अलग." मी कागद पाहिला. भाऊजी, माणूस चुकीचा म्हणता येणार नाही. 'कक्ष' म्हणजे खोली. 'स्वतंत्र' म्हणजे वेगळी, जसा आपण भाडेकरूला स्वतंत्र नळ देतो, तशी. आणि 'निर्माण' म्हणजे माझंच काम. मी फक्त एवढं विचारलं, "साहेब, पण याच्यात बसणार कोण?" तर म्हणतात, "आदेशात माणसाचा उल्लेख नाई."

मी बांधली. बांधकामाचं काम नाकारण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही. मागच्या आवारात, संडास आणि गोदाम यांच्यामध्ये, कार्यालयापासून बावीस पावलांवर दहा बाय दहाची खोली. स्वतंत्र दार, स्वतंत्र पंखा, स्वतंत्र माठ, माठावर स्वतंत्र गडवा. (एक भिंत माझ्या दुकानाच्या कोठीला लागून आहे, तिच्यात एक रोशनदान ठेवलं. हवा खेळायला पाहिजे. हवेसोबत आणखी काय काय खेळत येतं, त्याला मी जबाबदार नाही.) पाटी रंगवणारा देवळांच्या पाट्या करणारा होता, त्यानं 'स्वतंत्र दक्षता कक्ष' लिहून हातासरशी खाली 'पादत्राणे बाहेर काढावीत' असंही रंगवलं. रूपरावसाहेबांनी नारळ फोडला, "आजपासून आपल्या कार्यालयात दक्षता आली" असं भाषण केलं, पेढे वाटले, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खणात टाकली.

आता परिपत्रकात लिहिलं होतं, प्रकरणे कक्षापुढे ठेवावीत. किसनराव अक्षराचा पक्का. दर सोमवारी अर्ज लिहायचा आणि कक्षापुढे ठेवायचा, म्हणजे अक्षरशः दारापुढे, वर दगड ठेवून. शिपाई तानबा झाडायला आला की बिचारा विचारात पडायचा. "मालक, हे झाडू का नोको?" असं मला येऊन विचारायचा. मग किसनराव आधीच्यांसकट सगळे अर्ज दाराखालून आत सारू लागला. असे सोळा सोमवार झाले. (अंजू म्हणाली, आता उद्यापन करून टाका.) मला मात्र हसू येईनासं झालं होतं. सोळाव्या सोमवारी तो अर्ज सारून परत आला आणि पहिल्यांदाच ओट्यावर न बसता उभाच राहिला. म्हणाला, "हेमराजभाऊ, आतमंधी कोणी नाई हे मले मालूम हाय. पण मी नाई टाकला तं मंग बाहेर पण कोणी नाई." त्या दिवशी आपण बांधलेल्या खोलीची मला थोडी लाज वाटली.

मग फेब्रुवारीत मुख्यालयाला आठवलं असावं की खोलीत माणूस लागतो. तानबा धावत रूपरावसाहेबांकडे गेला आणि दारातूनच म्हणाला, "सायेब, नागपूरवरून आदेश आले!" साहेब मान वर न करता म्हणाले, "आवक नंबर टाक आन् फाईलले लाव." तानबा तिथंच घोटाळला. म्हणाला, "सायेब, थे च्या पिऊन राह्यले." झालं असं होतं की नव्या दक्षता अधिकाऱ्याचं नावच आदेश. तिशीच्या आतला, किडकिडीत, पायात धूळ भरलेली चप्पल, हातात एक पत्र्याची पेटी. आधी आलेल्या नेमणुकीच्या पत्रात त्याचं नाव होतं, पण साहेबांनी ते नाव न समजता मथळा समजून वाचलं होतं.

पहिलं काम कुलूप काढणं. किल्ली मागायला अर्ज करा, असं साहेबांनी सांगितलं. त्यानं केला. पाच दिवसांनी किल्ली मिळाली, कुलूप निघालं, पण दार अर्ध्यातच अडलं. आत किसनरावचे सोळा अर्ज दाराखाली गोळा होऊन बसले होते. आदेशनं आधी चपला बाहेर काढल्या (पाटीवर लिहिलंच होतं), कसाबसा अंग चोरून आत शिरला, आणि खुर्ची नव्हती म्हणून फरशीवर मांडी घालून सोळाचे सोळा अर्ज वाचले. सगळे अर्ज सारखेच, फक्त तारीख वेगळी. तरी यानं प्रत्येक अर्ज पहिल्या शब्दापासून वाचला. रोशनदानातून मला पानं उलटल्याचा आवाज येत होता, आणि एकदाही दोन पानं एकदम उलटली नाहीत.

पण भाऊजी, माणूस चांगला असून भागत नाही. त्याला कागद पाहिजे तर अर्ज साहेबांकडे. पंखा बिघडला, अर्ज साहेबांकडे. गिरणीवर जायला जीप पाहिजे, अर्ज साहेबांकडे. त्याची रजा मंजूर करणार साहेब, आणि वर्षाच्या शेवटी त्याचा गोपनीय अहवाल लिहिणारही साहेबच. सगळ्या अर्जांवर एकच शेरा पडायचा, 'मागणी रास्त. विचाराधीन.' भुशाचे नमुने तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचे, तर त्या पत्रावरही साहेबांची सही लागत होती. एका दुपारी तो माझ्या दुकानात खिळे घ्यायला आला. (भिंतीवर दिनदर्शिका टांगायची होती. त्यासाठी अर्ज करायची ताकद उरली नव्हती.) मी म्हटलं, "साहेब, खोली कशी वाटते?" तर म्हणाला, "खोली झकास हाय, हेमराजजी. कक्ष स्वतंत्र झाला, मीच तेवढा राहून गेलो." मी त्याला खिळे पैसे न घेताच दिले.

त्यानं नागपूरला लिहून विचारलं, 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ कळवावा. उत्तर आलं, 'स्वतंत्र म्हणजे कार्यालयप्रमुखाच्या निकट नियंत्रणाखाली नसलेला.' रूपरावसाहेबांनी ते दोनदा वाचलं, 'निकट' या शब्दाखाली रेघ मारली आणि मला बोलावून विचारलं, "हेमराजजी, थोडं अजून दूर बांधता येईन का? चाळीसेक पावलं?" मी म्हटलं, "साहेब, चाळीस पावलांवर रेल्वेची हद्द लागते."

प्रयोगशाळेची वाट बंद, म्हणून आदेशनं म्हैस बोलावली. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याचा मुद्दा सरळ होता. किसनरावनं शेरा मारलेल्या त्या मालातली बरीच पोती गोदामात अजून तशीच होती, गिरणीची शिलाई न उसवलेली. बंद पोत्यात भुसा निघाला, तर तो गिरणीतूनच आला. किसनराव काही शिलाईतून फुंकर मारून भुसा भरणार नाही. पण ते ठरवायला भुसा ओळखणारं कोणीतरी पाहिजे, आणि ते कोणी या कार्यालयाच्या पगारावर नको. दूध विकणाऱ्या कोकिळाबाई आपली म्हैस घेऊन आल्या. मी पंच होतो. दोन नवी घमेली माझ्याच दुकानातली. एकात चांगल्या गिरणीची भिजवलेली ढेप, दुसऱ्यात आमच्यासमोर शिलाई उसवून काढलेली. सगळं कार्यालय आवारात. म्हशीनं पहिलं घमेलं चाटूनपुसून साफ केलं, दुसऱ्यात नाक घातलं, फुर्र केलं आणि तोंड फिरवून रूपरावसाहेबांकडे पाहिलं. (कोकिळाबाई शपथेवर सांगतात की ती नुसती सावली शोधत होती. पण साहेब दोन पावलं मागे सरकले.)

साहेब म्हणाले, "हे चालणार नाई. म्हैस पोट भरून आली आसन." कोकिळाबाई कडाडल्या, "सकाऊनपासून उपाशी ठेवली सायेब, तुमच्या चौकशीपायी! दूध आटलं तं तुमी देसान का?" साहेब म्हणाले, "मंग गोदामपालाच्या वळखीची आसन. ह्या गावातली म्हैस पक्षपाती हाय." आदेश शांतपणे म्हणाला, "ठीक आहे साहेब, दुसऱ्या गावची, कोणाच्या ओळखीची नसलेली, अशी स्वतंत्र म्हैस आणू." आणि रूपरावसाहेब सवयीनं बोलून गेले, "मंग तिच्यासाठी अलग गोठा बांधा लागन!" तानबा हसला. मग बाबूलोक हसले. चौदा महिन्यांत त्या कार्यालयात साहेबांसमोर पहिल्यांदा कोणी हसलं असेल, आणि भाऊजी, माझ्या कानांनी ऐकलं, त्या हसण्यानंतर आवाजच बदलला. दोन बाबू संध्याकाळी आपल्या पायांनी कक्षात गेले आणि चपला बाहेर काढून, काय पाहिलं होतं ते लिहून देऊन आले.

दुसरी म्हैस सेलूकडून आली. तिनं तर दुसऱ्या घमेल्यात नाकही घातलं नाही. अहवाल लिहिताना आदेश अडला तो सहीपाशी. शेवटी त्यानं लिहिलं, 'साक्षीदार क्र. २ हिने भेसळीचे घमेले पाहताच तोंड फिरवले. सही करण्यास असमर्थ. भुशाची पुडी सोबत जोडली आहे.' कार्यालयाच्या टपालानं गेला असता तर अहवालही विचाराधीन झाला असता, म्हणून तो स्वतः पॅसेंजरनं नागपूरला गेला, रजा न घेता, आणि परत आल्यावर एक दिवसाची बिनपगारी मागून घेतली. त्याच्या जागी मी असतो तर आजोळी कोणाला तरी कागदोपत्री मारून रजा काढली असती.

आता शेवट. मागच्या मंगळवारी हुकूम आला. किसनराव निर्दोष, निलंबन रद्द. रूपरावसाहेबांची बदली झाली, निरोपाला तानबा खरोखर रडला. (साहेब गेले या दुःखानं रडला की एकदाचे गेले या आनंदानं रडला, ते कानांना कळलं नाही.) आणि यापुढं कक्षाची किल्ली, कागद आणि जीप थेट नागपूरकडून. आदेशला चार गावं पाहायची असल्यानं त्याला इथं एक दक्षता सहायक मंजूर झाला, आणि त्या जागी त्यानं नाव सुचवलं किसनरावचं. तुमचा भाऊ साडेदहाला ओट्यावरून उठला, आवार ओलांडलं, चपला काढल्या आणि आत जाऊन खुर्चीवर बसला. अंजूनं पुरण घातलं. तिकडे जिजाबाईला, किसनरावच्या बायकोला, हे तुम्हीच आपल्या तोंडानं सांगा आणि आधी गोड खाऊ घाला. अशी माणसं, अशी खात्यातल्या खात्यात जागी असलेली कार्यालयं, गावोगाव असावीत असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. बाईला सांभाळा, डोळ्याला उन्हात नेऊ नका. दुकानात गिऱ्हाईक खोकतंय, म्हणून इथंच आटोपतं घेतो.

तुमचा,
हेमराज

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. किसनरावनं हाती घेतलेलं पहिलं प्रकरण म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी गोदामाचं छत बदलण्याचं काम माझ्याकडं होतं. अकरा जुनी टिनं निघाली, ती मंडळात जमा करायची होती. सात झाली. चार वाऱ्यानं म्हणा, घाईनं म्हणा, माझ्या दुकानापुढच्या मांडवावर जाऊन बसली. परवा आमच्याच पाटावर, आमच्याच ताटात जेवता जेवता यानं विचारलं, "हेमराजभाऊ, हे टिनं कोठले?" भाऊजी, तो चौदा महिने त्याच टिनांच्या सावलीत बसला होता आणि वर पाहत होता! तुम्ही मोठे भाऊ आहात. त्याला दोन ओळी टाका, की घरच्या माणसाशी थोडं समजून घ्यावं. दक्षता चांगली गोष्ट आहे, पण तिला दिशा असावी.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं, हे तीन दिवसांनी लिहितो. वरचं राहू द्या, तसं काही लिहू नका. काल सकाळी चारही टिनं मी स्वतः उतरवून जमा केली, त्याची पावती त्यानं दिली, अक्षर फार सुरेख आहे. आता दुकानात ऊन येतं, ते येऊ दे. पण परवापासून तो आमच्याकडं जेवत नाही. "चौकशी चालू आहे तवरोक तुमच्या घरचं कसं खाऊ, भाऊ?" म्हणतो, आणि टेसनावर पोहे खाऊन राहतो. अंजू दीडला ताट वाढते आणि अडीचला उचलते. मला बोलत नाही, नुसती भांडी आपटते, आणि माझे कान कसे आहेत ते तिला माहीत आहे. तेव्हा त्याला एवढंच लिहा, की हेमराजला दोषी ठरवायचं तर ठरव, पण लवकर ठरव. त्याच्या हिशेबानं चौकशी म्हणजे सोळा सोमवार.

ता. क. तिसरा. इथल्या पेटीतलं टपाल वेळेवर निघत नाही, टेसनावरच नेऊन द्यावं लागतं, म्हणून हे पत्र किसनरावच्याच हाती दिलं आहे. पाकिटाला मी मुद्दाम जेमतेम डिंक लावला आहे, टोक वर आलेलं आहे. फुंकर मारली तरी उघडेल. पण हा माणूस वाचणार नाही हो.